कॅलेंडरमागची भिंत

एका मंगळवारी माझी बायको, सुमन, गेली. त्यानंतर घरातल्या कॅलेंडरचं पान कुणी उलटलं नाही.

चार महिन्यांनी आज वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण कुसुमताई आल्या आणि दारातच थबकल्या.

"भाऊजी, कुबट वास येतोय हो. तुम्हाला येत नाही?"

मला येत नव्हता. राहत्या घराचा वास आपल्या नाकाला कळेनासा होतो.

त्यांनी सरळ जाऊन कॅलेंडर बाजूला केलं. मागे ताटाएवढी काळी बुरशी होती.

"पलीकडे न्हाणीघर आहे, ओल येतच राहते. सुमन पान उलटायची तेव्हा व्हिनेगरच्या फडक्यानं भिंत पुसून घ्यायची. मला म्हणाली होती, 'यांना सांगू नका हं. लगेच घर बदलू म्हणतील, आणि पुस्तकांचे खोके मलाच बांधावे लागतील!'"

अकरा वर्षं मी त्या भिंतीशेजारी वाचत बसलो. आमचं घर अगदी कोरडं आहे, असं आल्यागेल्याला सांगत आलो. त्या कोरडेपणामागे महिन्याच्या महिन्याला कुणाचा तरी हात फिरत होता. अशा आणखी किती भिंती असतील, मला माहीत नाही, आणि शोधायला आता उठवतही नाही.

"रंगारी पाठवू? की दुसरी जागा बघताय?" कुसुमताईंनी विचारलं.

"राहू द्या, इथंच बरा आहे," मी म्हणालो.

त्या गेल्यावर ओट्याखाली व्हिनेगरची बाटली सापडली. मी भिंत पुसली, चार पानं उलटली.

पुढच्या एक तारखेला पुन्हा पुसायची आहे.