पाण्याच्या आरशात दिसलेला सुजय

मी नागपुरात प्रकाशशास्त्रात संशोधन करते. दिसणे आणि असणे यांतला फरक हाच माझा अभ्यासविषय. त्यामुळे भुताखेतांचे अनुभव मी कायम हसण्यावारी नेले. माझा धाकटा भाऊ सुजय म्हणायचा, "तुले भूत दिसलं ना ताई, तं तू पहिले त्याचा कोन मोजशील."

गेल्या उन्हाळ्यात तो उमरेडजवळच्या एका बंद, पाण्याने भरलेल्या कोळसा खाणीत पोहायला उतरला आणि बुडाला. देह सापडेना. मी पोहोचले त्या संध्याकाळी शोध थांबणार होता. मी हवेची टाकी लावून खोल उतरायला, स्कूबा डायव्हिंग, शिकलेली, म्हणून मलाही उतरू दिले. बाबा एवढेच म्हणाले, "तुझ्या आईसाठी घेऊन ये वं त्याले."

वारा पूर्ण पडलेला. तळाजवळ थांबून मी वर पाहिले. पाण्याखालून आकाश सगळीकडे दिसत नाही. प्रकाश वळतो, त्यामुळे वरचे सारे जग – आकाश, खाणीचा काठ, काठावर वाकलेले बाबा – डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा होते. खिडकीबाहेर मात्र पृष्ठभागाचा आरसा होतो आणि त्यात तळ दिसतो.

त्या आरशात सुजय होता... पिवळा टी-शर्ट, कुशीवर, हात उशाशी. डोळे उघडे, माझ्याकडे.

परावर्तनाच्या नियमाने जागा काढणे सोपे होते. मी तिथे गेले. रिकामा खडक. परत येऊन वर पाहिले – तो होताच. मी सरकले की प्रतिमाही सरकत होती, खऱ्या वस्तूची सरकावी तशीच.

शोधपथकाच्या पाणबुड्याला मी ती जागा दाखवली. वर आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तिथं निस्ता खडक हाये. हात फिरवून पाहिला ना."

"तुम्ही वर पाहिलंत?"

"वर कायले पाहू? तो खाली असन ना."

माझ्या टाकीतली हवा संपत आली होती, पुन्हा उतरता येणार नव्हते. काठावर बाबांनी विचारले, "दिसला का वं?"

मी नाही म्हणाले.

सुजय आजवर सापडलेला नाही. शोक, थकवा, भास – सगळी कारणे तपासली. एकही त्या सरकणाऱ्या प्रतिमेला पुरत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. प्रकाशाची वाट दोन्ही बाजूंनी सारखीच असते, एवढे मात्र मला पक्के ठाऊक आहे. मला तो दिसत होता, म्हणजे त्याच वाटेने त्यालाही मी दिसत होते... पाठ फिरवून वर जाताना.