सगळ्या गल्लीला हाक

"सगळ्या गल्लीची पोरं उठवतेस. मला कधी हाक मारलीस?"

"काय म्हणून मारू? भांडी म्हणून?"

मधे नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे शेजारच्या मायलेकींचं भांडण मला घरबसल्या मिळायचं. कान देण्याचेसुद्धा कष्ट नव्हते. त्या दिवशी मात्र पुढं काही आलंच नाही. टोप आदळल्याचा आवाज आला, एवढंच.

त्यातल्या आईला सगळी वस्ती भोंगा म्हणायची, अगदी तोंडावर. वस्तीच्या टोकाला एका संस्थेनं वर्ग काढले होते. शाळा सुटलेल्या पोरांना वायरिंग, शिलाई, कॉम्प्युटर फुकट शिकवायचे. यंत्रं मिळाली, शिकवणारे मिळाले, सकाळी उठून येणारी पोरं काही मिळेनात. म्हणून हिला पगारावर ठेवली. काम एकच, दारोदार जाऊन पोरं अंथरुणातून बाहेर काढायची. नावं तिच्या ध्यानात राहायची नाहीत, तेव्हा जो जे शिकतो तीच त्याची हाक.

"ए वायरमन, सूर्य काय तुझ्या बापाचा नोकर आहे? ऊठ!"

"शिलाई, वेणी वाटेत घाल!"

पोरं कुरकुरत उठायची, पण गल्लीतून जाताना ताठ चालायची. ज्यानं घरात गधड्या सोडून दुसरं काही ऐकलं नाही, त्याला गल्लीदेखत कोणी वायरमन म्हटलं तर दुसरं काय होणार?

स्वतःच्या दारापाशी आली की भोंगा बंद. चपला हातात घेऊन पुढं जायची. लेक खाणावळीत भांडी घासून उशिरा यायची, तिची झोप मोडायला नको.

लेकीला वायरिंग शिकायचं होतं. माझा बंद पडलेला पंखा तिनंच उघडून चालू केला. आता फिरताना तो माझ्याशी गप्पा मारतो, ते सोडा. पण संस्थेचा नियम होता, इथं काम करणाऱ्याच्या पोराला जागा नाही. वशिला लावला म्हणतील. भोंगा दर तुकडीला संस्थेतल्या मॅडमना विचारायची. "पुढच्या वेळी बघू हं, ताई," मॅडम म्हणायच्या. बाई मनानं चांगली. चांगल्या माणसांचं 'बघू' फार लांबतं.

त्या भांडणानंतर भोंग्यानं नोकरीच सोडली. "आता मी तुमची कोणी नाही, आता घ्या हिला," असं मॅडमना सांगून आली. खाणावळीतली भांडी स्वतःकडं घेतली आणि लेकीला वर्गात धाडलं. भोंग्याच्या जागी संस्थेनं दुसरं माणूस ठेवलं नाही. सगळ्यांकडं मोबाईल आहेत, मेसेज टाकू म्हणाले.

मेसेजनं कोण उठतं? सुरुवातीला निम्मी आली, मग दोन-चार टाळकी.

"आई, एक फेरी मार ना. माझ्यासाठी."

"माझ्या जागी मोबाईल ठेवलाय ना? त्याला सांग ओरडायला."

"वर्ग बंद होईल गं."

"काही होत नाही. घोडे झालेत सगळे. उठतील आपले आपण."

मी भिंतीवर थाप मारली. "अगं, जा की एकदा!"

"मावशी, तुम्ही पंखा लावून झोपा."

घोडे उठले नाहीत. पोरं येत नाहीत म्हणून वरच्या साहेबांनी ती तुकडीच मोडली. लेक वायर सोलायला शिकली होती, तेवढ्यावर घरी आली.

मग मॅडम स्वतः दारात. "ताई, तुमच्याशिवाय चालत नाही हो. या परत."

"लेकीला घेता?"

"नियम आहे ना."

आतून लेकच म्हणाली, "जा आई. दोघींनी भांडी घासून काय करायचंय?"

पुन्हा हाका सुरू झाल्या, वर्ग भरले. शिलाईला कारखान्यात काम लागलं, घरी फ्रिज आला. त्यातलं गार पाणी मीही प्यायले, खोटं कशाला बोलू? लेक परत खाणावळीत. बघता बघता तिचं वय नियमाबाहेर गेलं. तिनं पुन्हा हाक मागितली नाही, भांडणही काढलं नाही. भिंतीपलीकडची ती शांतता मला अजून सोसत नाही.

यंदा संस्थेला पैसे देणारे दुसरीकडं वळले. परवा टेम्पो आला. यंत्रं, बाकडी चढवायला हात हवे होते. मॅडम म्हणाल्या, "ताई, एवढं शेवटचं. पोरांना बोलवा."

उजाडताच निघाली.

"ए वायरमन, खांदा द्यायला चल!" वायरमन हल्ली सिमेंटच्या गोणी उचलतो, पण ओ दिली त्यानं.

"शिलाई, सुट्टी आहे ना आज? वेणी वाटेत घाल!"

दारं उघडत गेली. माझ्या दाराशी येऊन ती थांबली, वाकली, चपला हातात घेतल्या. फळीपलीकडं लेकीच्या बांगड्या वाजल्या. जागी होती ती. भोंगा आपल्या दारावरून पाऊल न वाजवता गेली. कोपऱ्यावर चपला खाली टाकल्या, पायात सरकवल्या आणि आवाज लावला,

"ए कॉम्प्युटर! मेलास का?"