थंडीचा कारभार आत्याकडे

पोलादपूर आणि महाड परिसरातील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दिवाळीचा फराळ संपला की थंडीचा संपूर्ण कारभार माझ्या आत्याच्या ताब्यात जात असे. तो तिला दिला कोणी, हे विचारायची गावात कोणाची छाती नव्हती.

आत्याचं घर पोलादपूरच्या अलीकडे, रस्त्याच्या वळणावर. सकाळी सावित्री नदीवरून धुकं चढलं की ती घोंगडी पांघरून अंगणाच्या कडेला उभी राही आणि एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेल्या मोटारसायकली हात आडवा करून थांबवी. "उशीर होतोय आत्या," असं कोणी म्हणालं की संपलंच. "धुकं काय तुझा सासरा हाय, जावई आला म्हणून बाजूला व्हायला? बस. चाय पी." भरघोस मिशांचे ऑपरेटर निमूट ओट्यावर बसून चहा फुंकत. एकदा तर लग्नाला निघालेली अख्खी जीप तिने नवरदेवासकट चहाला बसवली. मुंडावळ्या सावरत तो बिचारा बशीने चहा प्यायला.

घरातल्या थंडीवरही तिची हुकमत. कोणी दार लावून शेगडी पेटवली की आत्या विचारल्याशिवाय आत शिरे आणि खिडकी उघडे. "आगीलाबी श्वास लागतो गो. आन ती मागून घेत नाय, तुझाच घेते." हे तिला कोणी शिकवलं, देव जाणे.

आत्याला जाऊनही आता काही हिवाळे झाले. पण एक सकाळ सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला महाडला माहेरी होती. मुलगी झाली होती. मोटारसायकलवर आत्याला मागे बसवून मी बघायला निघालो. धुकं होतं, समोर ट्रक होता आणि मला लेकीची घाई. मी जरा बाजूने डोकावलो, तशी पाठीत बुक्की बसली. "पोरीला बाप दाखवायचा हाय का फोटो?" मी महाडपर्यंत ट्रकच्या मागून, अंतर राखून, गोगलगाईसारखा आलो.

दारात सासूबाई हसतमुख. बाळंतिणीची खोली मात्र घट्ट बंद. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, खिडकीच्या फटींत चिंध्या. "सकाळपासून डोकं दुखतंय म्हणते, मळमळतंय," सासूबाई म्हणाल्या. "अशक्तपणा, दुसरं काय!"

आत्याने पाण्याचा तांब्या तसाच ठेवला आणि दार ढकललं.

"अहो आत्याबाई, वारं लागेल बाळाला!" सासूबाई ओरडल्या. आत्याने मागे वळूनही पाहिलं नाही. पुढच्या क्षणी लेक तिच्या हातात होती आणि ती अंगणातल्या उन्हात. "तिला उचल रे, बघतोस काय!" मी बायकोला उचललं. तिची मान माझ्या खांद्यावर कलली होती. सासूबाई मागून आत्याचा पदर ओढत होत्या, "द्या ती पोर इकडे, मारता का काय थंडीनं!"

पोर रडत नव्हती. आत्या तिची पाठ चोळत होती. शेजारी कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी मोठ्याने रेडिओ लावला, आणि मी बायकोला ओट्यावर टेकवून उगाच हेल्मेट घट्ट धरून उभा.

मग पोरीने एक शिंक दिली आणि असा टाहो फोडला की गल्ली गोळा झाली. बायकोने डोळे उघडून विचारलं, "काय झालं?"

"काय नाय, ऊन खा," आत्या म्हणाली, आणि मला, "रिक्षा आण. दोघींना दवाखान्यात न्यायचं."

दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू कोंडला होता; अजून थोडा वेळ गेला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या. दोघी धडधाकट घरी आल्या. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिला आहे तो रिक्षात बसतानाचा क्षण. आत्या पोरीला छातीशी धरून आत चढत होती. सासूबाईंनी उंबऱ्यातून एकदा त्या शेगडीकडे पाहिलं, एकदा नातीकडे. चौकट धरून त्या उंबऱ्यावरच खाली बसू लागल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"आत्याबाई, पोरीला द्या तिच्या बापाकडे, आधी मला धरा!"