शेजाऱ्याच्या बोअरची खोली

शेजाऱ्याने बोअर मारला आणि किती फूट खाली गेला ते सांगितलं नाही, तर तुम्ही काय धराल, कमी की जास्त?

आमच्या गल्लीत माने बोअर मारत होते, तेव्हा समोरचे जगतापकाका खोली कळावी म्हणून गच्चीवरून जमिनीत जाणारे यंत्राचे रॉड मोजत होते. धुरळ्यात मोजणी चुकली. मग त्यांनी वरूनच विचारलं, "माने, किती गेलं खाली?"

"लागेल तिथं थांबायचं, काका," माने हसून म्हणाले.

"सांगत नाही म्हणजे पाचशेच्या पुढे गेलाय," काका मला म्हणाले. "आपण सहाशे मारू." आणि मारलेही. माने तीनशेवरच थांबले होते, हे नंतर यंत्रवाल्याकडून कळलं. तोवर काकांच्या खोल बोअरने पाणी ओढून गल्लीचा हातपंप कोरडा पडला होता. ज्यांच्या दारात बोअर नाही, त्या बायका आता टँकरची वाट बघत बसतात.

देशही असेच गच्चीवर उभे असतात. शेजारी शस्त्रांवर किती खर्च करतो ते कळलं नाही की जास्तच धरतात, आणि दवाखान्याचा पैसा तोफांकडे वळतो. फौज कुठे उभी आहे हे गुपित राहू द्या. पण एकूण खर्च किती आणि कशावर, हे झाकून कुणाचंच रक्षण होत नाही.

सगळ्या देशांनी हा खर्च दरवर्षी एकाच नमुन्यात जगापुढे मांडावा, यासाठी आपल्या सरकारने आग्रह धरावा, असं पत्र तुमच्या खासदारांना याच आठवड्यात लिहा. उत्तर आलं नाही तर दुसरं लिहा.