म्हाताऱ्याच्या पाटल्या

त्या बाईची फिर्याद मी माझ्याच सहीनं बंद केली होती. आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

निजामाच्या राज्यात मी भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा अमीन, म्हणजे मुख्य अंमलदार होतो. ही बाई राजूरकडची, विधवा. दिरांची नजर पडू नये म्हणून तिनं सोन्याच्या पाटल्या एका सराफाकडे अमानत ठेवल्या होत्या. त्यांच्याशिवाय तिला कशाचाच आधार नव्हता. परत मागायला गेली तर सराफानं चक्क कानांवर हात ठेवले.

सरकारी कागद उर्दूत चालायचे. अडाणी माणूस ठाण्याबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून दरख्वास्त लिहून घ्यायचा आणि अंगठा द्यायचा. बाईनं तेच केलं. मी सराफाला बोलावून झाडलं, पण तो बधला नाही. आठवड्यानं बाईचा दुसरा कागद आला: पाटल्या घरातच सापडल्या, आता तक्रार नाही. खाली अंगठा. मी सही ठोकली.

पुढच्या बाजारी बाई परत हजर! पाटल्यांचं काय झालं म्हणून विचारू लागली. मी कागद दाखवला. म्हणाली, तसं मी लिहून दिलंच नाही, अर्जनवीस म्हणाला की हा तगाद्याचा अर्ज आहे.

"अंगठा कुणाचा?"

"माझाच हाय, साहेब."

माझ्या डोक्यात लगेच आलं, हिनं सराफाकडून काहीतरी उकळलं आणि आता आणखी हवंय. खोट्या फिर्यादीत आत टाकीन, असा दम देऊन मी तिला हाकललं. पोलिसाला संशयाची खोडच असते. माझा संशय चुकीच्या माणसावर बसला होता.

दोन दिवसांनी समोरचा हॉटेलवाला हळूच सांगून गेला, की अर्जनवीस हल्ली सराफाच्या मागच्या दारानं ये-जा करतो. मग मी त्या सराफावरच्या बंद झालेल्या सगळ्या फिर्यादी काढायला लावल्या. एका धनगर म्हाताऱ्याचा चांदीचा करदोडा त्यानं बुडवला होता. त्याचाही दुसरा कागद आला होता आणि त्यावरही माझी सही होती. वाचला आणि कपाळावर हात मारला.

अर्जनवीसाला बोलावलं. सुरुवातीला तो लई तोऱ्यात होता; लिहिलेलं बराबर वाचून दाखवतो म्हणाला. मी म्हाताऱ्याचा कागद पुढे सरकवून मोठ्यानं वाचायला सांगितलं. "पाटल्या घरातच सापडल्या" इथं आला, तसं मी त्याला थांबवलं.

"म्हातारा पाटल्या घालतो काय रे?" मी विचारलं.

बाईच्या कागदाची नक्कल मारताना तेवढा शब्द बदलायचा राहिला होता. तो तिथंच ढेपाळला आणि सगळं ओकला. सराफाच्या दुकानाची झडती घेतली, पाटल्या मिळाल्या. बाईनं आतल्या बाजूची झाळ, म्हणजे सांध्याला डाग दिल्याची खूण, न बघता सांगितली होती, तीही जुळली.

मालावर हक्क ठरल्यावर पाटल्या परत देताना ठाण्यातल्या मुन्शीनं उर्दूतली पावती पुढे केली. बाईनं हात पदराखाली घेतला.

"आदी वाचून दाखवा."

मी स्वतः मराठीत वाचून दाखवली.  मग चहा घेऊन दारात आलेल्या हॉटेलवाल्याकडे बोट करून ती म्हणाली, "त्यान्ला उर्दू येती. त्यान्ला वाचू द्या. मंग अंगठा देते."

मुन्शी तिच्यावर खेकसला. मी त्याला गप्प केलं. गाऱ्हाणं घेऊन माणूस ज्या दारी येतो, तिथंच एकदा फसला की पुढं कुणावर भरवसा ठेवणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पावती उचलली आणि हॉटेलवाल्याच्या हातात दिली.