सेनगावच्या जीपची वाट बघणारी बाई

तिला मी एकदाच पाहिलं. सेनगावची जीप यायला वेळ होता, म्हणून ती साखऱ्याच्या आमच्या घरी पाणी प्यायला आली होती.

पुण्यात माझ्या बहिणीच्या लेकीचं बारसं सुरू झालं होतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाइलवरचं बारीक दिसत नाही, म्हणून मी लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. पण पडदा काळाच राहिला.

"काहून दिसंना?" आबा रडवेले झाले.

तिनं पदर खोचला, वायर घट्ट बसवली आणि रिमोट घेतला. "कोणत्या वायरीतलं दाखवायचं, ते टीव्हीला सांगावं लागते," म्हणत ती बटण दाबत राहिली. एकदम पाळणा दिसला.

"व्हय, नाक आपलंच हाय!" आबा म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

"थांब की भाऊ, लेकराचं नाव ठेवून राहिले!" ती दारातूनच ओरडली, आणि नाव ऐकूनच गेली.