साडेआठचा रकाना

सकाळचे सात. तिरुवैयारुला माझ्या धाकट्या भावाच्या अंगणात पंदल, म्हणजे मांडव, उभा. पाऊस धो धो. भाच्याच्या मुंजीचा मुहूर्त सव्वादहाचा. भाऊ, सीनू, डोक्यावर पंचा घेऊन माझ्यापुढे येऊन थांबला.

"अक्का, वेदरचा पगार घेतेस ना? सांग की. मुंज इथंच करायची, का सगळ्यांना बसमध्ये घालून हॉलला न्यायचं?"

मी तंजावूरजवळच्या एका शेतकी केंद्राच्या वेधशाळेत ऑब्झर्व्हर आहे. ठरल्या वेळी हवेचा दाब, वारा, पाऊस वाचायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा, हे काम. अंदाज सांगणं माझं काम नाही, असं मी घरी नेहमी म्हणते. खरं कारण वेगळं होतं. ते चौदा वर्षं पोटात ठेवून मागच्या आठवड्यात सांगितलं.

सीनूच्या लग्नाच्या आदल्या दिवशी साडेआठचं रीडिंग घ्यायला मी गेलेच नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या घरात चकल्या तळत बसले होते. अकराला ऑफिसला पोचले आणि साडेआठच्या रकान्यात कालचाच आकडा उतरवला. कोण बघतंय?

आमच्या भागात हवेचा दाब रोज आपोआप चढतो, उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारला खाली. म्हणून कालच्या त्याच वेळेशी तुलना करायची. दाब कालच्यापेक्षा खाली गेला, तर समुद्रावरून कमी दाबाचा पट्टा येतोय असं समजायचं. माझ्या रजिस्टरात फरक शून्य.

दुपारी पंदलवाला मुरुगेसन आला. "अक्का, तारपाय टाकू का?" तारपाय म्हणजे ताडपत्री.

मी ऐटीत म्हटलं, "नको. प्रेशर कालच्याइतकंच आहे."

मीच खोटा लिहिलेला आकडा मीच खरा मानला होता.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली आणि आभाळ फुटलं. पानात सांबाराचं रसम झालं. काका सगळ्यांसमोर मुरुगेसनवर ओरडले, "तारपाय टाकायची अक्कल नाही?" त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी पायसाच्या भांड्यात बघत राहिले. "चूक माझी, सामी," तो म्हणाला. पुढं आमच्या नात्यात त्याला कोणी बोलावलं नाही. नाव पडलं, ओला मुरुगेसन.

या मुंजीचं ठरत होतं तेव्हाच बंगालच्या उपसागरात लो, म्हणजे कमी दाबाचा पट्टा, तयार झाल्याचं बातम्यांत आलं. मी म्हटलं, "मुरुगेसनला बोलाव."

"त्या ओल्याला?"

मग मी सीनूला सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला. "म्हणजे माझ्या लग्नातलं रसम तुझं!" संध्याकाळपर्यंत साऱ्या नात्याला कळलं. मुरुगेसनला फोन मी स्वतः केला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"बरं अक्का. पण या वेळी तुम्ही नको म्हटलंत तरी मी तारपाय टाकणार."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

तर, सकाळचे सात. ड्यूटीवरच्या शांतीला फोन लावला. "सहाला कालच्यापेक्षा चार मिलिबार कमी, मॅडम. आता तीन."

"स्वतः वाचलंस ना?"

"नाही, शेजारणीला पाठवलं होतं! मॅडम, काय हे?"

फरक भरून येत होता. पण एवढ्यावर बोलायचं नाही. थंड देशांत लो आला की फ्रंट येतो, म्हणजे थंड आणि गरम हवा जिथं भिडतात ती सीमा. ती डोक्यावरून गेली की वारा झटकन फिरतो, गारवा येतो, बदल सरळ कळतो. आमच्या लोमध्ये सगळी हवा गरमच, फ्रंट नाही. वारा हळूहळू वळतो, तो बघत बसावं लागतं. लोभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो. काल तो उत्तरेचा होता, म्हणजे लो पूर्वेला. आता पश्चिमेचा, म्हणजे लो आमच्या उत्तरेकडून चाललाय. नैऋत्येचा झाला की तो पुढं गेला.

मागच्या पडवीत आचाऱ्याची चूल होती. मी तिच्या धुराकडे बघत बसले. आठला धूर ईशान्येकडे, विहिरीकडे वळला. शांती म्हणाली, "फरक दोनच."

"सीनू, हॉल नको. साडेनऊला पाऊस थांबेल."

"नक्की?"

"आकडा खरा आहे. अंदाज माझा आहे. चुकला तर मला ओरड, मुरुगेसनला नाही."

काका खुर्चीतून म्हणाले, "हिचं ऐकून पुन्हा रसमच का?"

साडेनऊ झाले. पाऊस चालूच. माझ्याकडे कोणी बघेना, तेच जास्त लागलं. पावणेदहाला भुरभुर. दहाला नारळीच्या झावळ्यांवर ऊन! बायका टाळ्या वाजवायला लागल्या, नादस्वरवाल्यानं न सांगताच वाजवायला घेतलं.

ताडपत्रीत पाण्याची ढेरी झाली होती. मुरुगेसन बांबूनं ती वर ढकलायला लागला. काका खालीच उभे राहून त्याला शिकवत होते, "डावीकडे, अरे डावीकडे."

"सामी, बाजूला व्हा!"

ते झाले नाहीत. बादलीभर पाणी नेमकं त्यांच्यावर. काकांनी चष्मा पुसला.

"मुरुगेसा, हे चौदा वर्षांपूर्वीचं का रे?"

"नाही सामी. हे आजचंच. ते अजून शिल्लक आहे."

पहिले हसले ते काकाच. मुहूर्त वेळेवर लागला. सांबार दाट होतं.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं, "सर, चौदा वर्षांपूर्वीची एक नोंद खोटी आहे. माझी."

"आता काढताय? कोणी बघितलं नसतं."

"तेव्हाही हेच वाटलं होतं, सर."

त्यांनी लेखी खुलासा घेतला आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी जुनं रजिस्टर काढून त्या आकड्यावर लाल रेघ मारली, शेजारी लिहिलं, "वाचन घेतलं नाही."

वाचन राहिलं तर रकाना कोरा सोडावा. कोऱ्या रकान्यावर विश्वास ठेवून कोणी ताडपत्री घरी ठेवत नाही.